नुसतं पाणी दाखव

कुंडी हातात घेतली की वजनावरून मला निम्मं कळतं. हलकी लागली तर माती कोरडी झालीय, जड लागली तर अजून चार दिवस तिच्याकडे बघायचं नाही. मग झाडाचं सगळ्यात खालचं पान दोन बोटांत हलकंच दाबायचं. घट्ट असलं तर झाड पोटभर आहे. सुरकुतलेलं असलं तर तहानलंय. आणि मऊ, फुगलेलं, उजेडात धरल्यावर आरपार दिसणारं असलं, तर पाणी जास्त झालंय आणि तुम्हाला कळायला उशीर झालाय.

पुण्या-मुंबईची माणसं आरे-वारेचा समुद्र बघून परत निघतात तेव्हा आमच्या नर्सरीपाशी गाडी थांबवतात. मुठीएवढ्या कुंडीतलं सक्युलंट उचलून विचारतात, "रोज पाणी घालायचं ना?"

मी म्हणते, "रोज फक्त बघायचं. पाणी विसरायचं."

त्यांना गंमत वाटते. मी मात्र गमतीनं म्हणत नाही. फुलाच्या आकाराची, जाड पानांची ही एवढीएवढी झाडं उपाशी राहून मरत नाहीत, लाडानं मरतात. मला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. मी स्वतः एक फळी भरून झाडं लाडानं मारली आहेत.

मी घाटावरच्या दुष्काळी माण तालुक्यातली. आमच्याकडं कांदा, बाजरी आणि मेंढरं. शाळा आठवीत सुटली. कुणी सोडवली असं नाही, घरात हात कमी होते आणि शाळा लांब होती. लग्नानंतर नवऱ्याला जयगडच्या बंदरात काम मिळालं आणि आम्ही घाट उतरून इकडं आलो. तो पाळी असेल तसा जातो-येतो. मी दिवसभर भाड्याच्या खोलीत बसून असायचे. भाषा मराठीच, तरी मला पहिले काही महिने माणसं काय बोलतात ते दोनदा ऐकावं लागायचं. 'केलान', 'सांगितलान', 'गेलान'. मला वाटायचं प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणीतरी छोटी घंटी वाजवतंय. आणि आत कुठंतरी सारखं वाटायचं, की आपलं काहीतरी चुकणार आणि आपल्याला इथून परत पाठवणार. कोण पाठवणार, का पाठवणार, ते नीट सांगता आलं नसतं. पण वाटायचं.

नर्सरी भाभीची. तिला सगळी वाडी भाभीच म्हणते. तिचे मिस्टर जहाजावर असतात. वर्षातले सात-आठ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. मुलीचं लग्न होऊन ती मुंबईला गेली तेव्हा भाभीनं घरामागच्या मोकळ्या जागेत हिरवी जाळी बांधली आणि रोपं करायला घेतली. मी काम मागायला गेले तेव्हा तिनं शाळा किती झाली ते विचारलंच नाही. म्हणाली, "हात बघू." तळवे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "मातीतले आहेत. उद्यापासून ये गो." मी त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर हात पदरात झाकून नेले, कुणी नजर लावेल म्हणून. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

आमच्याबरोबर एक मावशी होती, आतल्या गावातली, शेतकरी कुटुंबातली. पिशव्या भरायचं काम तिचं. ती मला 'घाटावरची' म्हणायची. "काय गो घाटावरच्ये, आज तरी चहात साखर बेतानं घालशील काय?" असं. तोंडानं तिखट, पण डब्यात माझ्यासाठी सुकटीची चटणी वेगळी बांधून आणायची.

सक्युलंटची माती साधी चालत नाही, हे मला या दोघींनी शिकवलं. इथं चिरेखाणीत जांभा दगड कापतात, त्याचा चुरा पडून असतो. तो आणायचा, चाळायचा, पिठासारखी धूळ फेकून द्यायची आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे ठेवायचे. त्यात थोडा कोळशाचा बारीक तुकडा आणि थोडं शेणखत. पाणी घातलं की खालून लगेच निघून गेलं पाहिजे. आमच्या गावी पाणी थांबावं म्हणून बांध घालतात. इथं ते थांबू नये म्हणून एवढा खटाटोप, याचं मला नवल वाटायचं.

घराच्या मागच्या पडवीत एक लांब फळी होती. तिच्यावर 'मदर' ठेवलेली. म्हणजे ज्यांची पानं काढून आणि शेंडे कापून आम्ही नवीन रोपं करायचो, ती मूळ झाडं. नर्सरी चालायची ती त्या फळीच्या जिवावर. फळीच्या अगदी मधोमध कान तुटलेल्या कपात एक झाड होतं. राखाडी-निळं, पानांच्या कडा गुलाबी. पानांवर बारीक भुकटी असायची, चुकून बोट लागलं तर ठसा तसाच राहायचा. भाभीच्या मिस्टरांनी ते कुठल्याशा बंदरातून आणलं होतं, म्हणून मावशीनं त्याला 'जहाजी' नाव ठेवलं होतं. तसं झाड आम्हाला आसपास कुठल्याच नर्सरीत दिसलं नव्हतं. भाभी त्याचं पान कधी तोडू द्यायची नाही. ते नवऱ्याच्या जागी ठेवल्यासारखं होतं, असं मावशी म्हणायची, आणि भाभी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

जूनमध्ये मुलीचे दिवस भरत आले म्हणून भाभी मुंबईला निघाली. दीड महिना तरी लागणार होता. रिक्षा दारात उभी, पिशव्या आत टाकलेल्या, आणि ती मला शेवटचं सांगत होती.

"बाहेरच्या रोपांचं पाऊस बघेल. पडवीतल्या फळीवर मात्र पाऊस येत नाय. त्यांना आठ-दहा दिवसांनी नुसतं पाणी दाखव. कळलं ना?"

"व्हय भाभी, कळलं."

आणि कळलं होतंच. आमच्याकडं जनावरांना 'पाणी दाखवतात'. संध्याकाळी रानातून आल्यावर बैलांना, मेंढरांना हौदावर न्यायचं आणि जनावर आपणहून मान वर करेपर्यंत थांबायचं. अर्धवट पाजून आणलं तर वडील परत पाठवायचे. पाहुणासुद्धा दारात आल्या आल्या विचारतो, जनावरांना पाणी दाखवलं का. तेव्हा मला एवढंच उमजलं, की या झाडांना रोज नको, पण देशील तेव्हा पोटभर दे. मी प्रत्येक कुंडीत पाणी खालच्या भोकातून वाहेपर्यंत ओतलं. झाडं मान वर करत नाहीत, म्हणून मी माझ्या अंदाजानं थोडं जास्तच घातलं.

चार-पाच दिवसांनी मावशीही गावी गेली. तिच्या घरची लावणी होती आणि त्या दिवसांत तिला कुणी अडवू शकत नाही. मी एकटी राहिले.

कोकणातला पावसाळा ज्यानं पहिल्यांदा बघितलाय त्यालाच कळेल. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरतं, दोरीवरचे कपडे तीन दिवसांनी पहिल्यापेक्षा ओले वाटतात. पडवीत पाऊस येत नव्हता, पण हवाच पाण्याची होती. कुंडीतली माती सुकेचना. मला ते दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की काही झाडांची खालची पानं मऊ पडलीत. आमच्याकडं मऊ पडलेलं पान म्हणजे तहान. माझ्या मनात दुसरा विचार आलाच नाही. मी आठ दिवस न थांबता पुन्हा पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी मऊ. पुन्हा घातलं.

भाभी अधूनमधून दुपारी फोन करायची. "झाडं बरी?"

"बरी हायत."

पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते खरं होतं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला शंका होती. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझ्यासमोर फळीवर सात कुंड्यांतली पानं आपोआप गळून पडलेली होती आणि मी त्यांच्याकडेच बघत बोलत होते.

त्याच दुपारी मी एक झाड उचललं तर वरचा भाग हातात आला आणि बुंधा कुंडीतच राहिला. मी तो नाकाजवळ नेला. तो वास मी ओळखला. पावसाळ्यात कांद्याच्या चाळीत एक कांदा आतून नासतो तेव्हा हाच वास येतो. बाहेरून कांदा लाल, गोल, चांगला. दाबला की अंगठा आत. आमच्या घरात त्या वासावर सगळे उठायचे. हातातलं काम टाकून चाळ उपसायची, नासलेला शोधायचा, त्याच्या शेजारचे काढायचे आणि बाकीचे वाऱ्यावर पसरायचे. नासतं ते ओलीनं, हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. फक्त ते कांद्याचं माहीत होतं. झाडाशी त्याचा संबंध मी लावला नव्हता.

मग मी घाबरायचं थांबवलं असं म्हणणार नाही, पण हात चालू झाले. सुरी गॅसवर तापवली. एकेक झाड कुंडीतून काढलं आणि बुंधा खालून कापत वर गेले. आत तपकिरी कडं दिसलं की आणखी वर कापायचं, स्वच्छ पांढरं-हिरवं लागेपर्यंत. काही झाडांत ते लागलंच नाही, शेवटी हातात फक्त चिखल राहिला. ज्यांत लागलं त्यांच्या कापलेल्या तोंडाला हळद लावली. जखमेला लावतात तेवढंच मला माहीत होतं. जांभ्याचा चुरा चाळायच्या मोठ्या चाळणी रिकाम्या होत्या. त्या विटांवर आडव्या ठेवल्या, म्हणजे खालूनही वारा लागेल. त्यांच्यावर शेंडे आणि धडधाकट पानं एकमेकांना न चिकटवता पसरली. घरून टेबलफॅन आणला आणि लावून दिला. नवरा पाळी संपवून आला तर घरात फॅन नाही. त्यानं विचारलं, "फॅन कुठाय?" मी म्हणाले, "झाडांना लावलाय." तो पुठ्ठ्यानं वारा घेत जेवला.

जहाजी मी शेवटी घेतलं. मुद्दाम शेवटी. वरून ते जसंच्या तसं दिसत होतं, भुकटीसुद्धा तशीच. कप उचलला आणि माझ्या अंगठ्याखाली बुंधा दबला. कापत कापत अगदी शेंड्यापर्यंत गेले. पांढरं लागलं नाही. पानं उजेडात धरून पाहिली, सगळी आरपार. एकच, आतल्या बाजूचं, घट्ट होतं. पान बुंध्यापासून तोडताना त्याची टाच, म्हणजे बुडाचं टोक, अखंड यावी लागते, थोडी जरी तुटली तर त्याला पिल्लू, म्हणजे नवं रोप, फुटत नाही. मी ते सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवत सोडवलं. टाच अखंड आली. ते एक पान मी वेगळ्या बशीत ठेवलं. दीड बोटाएवढं असेल. त्याच्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटला.

मावशी लावणी आटपून परत आली ती याच्या आठवड्यानंतर. पडवीत पाय ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"अगो बाय माझे. ह्या काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. भाभी काय म्हणाली, मी काय केलं.

"आणि भाभीन काय सांगितलान तुला? शब्द सांग, शब्द."

"नुसतं पाणी दाखव म्हणाल्या."

"मग?"

"मग काय. दाखवलं. पार खालून वाहेपातूर."

मावशी खाली बसली. आधी मला वाटलं रडतेय. मग तिचे खांदे हलायला लागले. "अगो, दाखव म्हणजे दाखव. लांबून. बोटं ओली करायची नि शिंपडायची, झाडाला वाटला पाहिजे पाणी येऊन गेला. तू काय त्यांना तळ्यावर न्हेलंस?"

मी बैलांचं सांगितलं. तेव्हा ती पुन्हा हसली, डोळे पुसले, आणि एकदम गंभीर झाली. "ऐक. भाभीला काय सांगू नको. पावसावर घाल. म्हणावा, पडवी गळली. ह्या पावसात कुणाचा काय नासत नाय? तिला पण खरा वाटेल."

ते सोपं होतं, आणि पटण्यासारखंही. पडवीच्या एका कोपऱ्यात कौलातून थेंब खरंच पडायचे. रात्री-अपरात्री जाग आली की मी ते वाक्य मनात म्हणून बघायचे. पण मला एक अडचण होती. भाभीचा फोन परत परत येणार. आज पडवी गळली म्हटलं की उद्या ती विचारणार कुठं गळली, कौलं कुणी बसवली, किती वाजता. मला खोटं बोलायला येत नाही असं नाही, मी तीनदा 'बरी हायत' म्हणालेच होते. पण खोटं लक्षात ठेवायला लागतं, आणि मी आधीच इतक्या गोष्टींची काळजी करते की त्यात आणखी जागा नव्हती. आणि जिनं माझे हात बघून काम दिलं तिच्या पडवीला दोष द्यायचा, हेही जमेना.

मी फोन लावला. मावशी शेजारी उभी राहून मान हलवत होती, नको नको म्हणून.

"भाभी, फळीवरची झाडं गेली. पाण्यानं. माझ्याच हातानं. मी तुम्हाला बरी म्हणत होते ते खोटं होतं."

पलीकडे बाळ रडत होतं. नातू आठवड्याचा झाला होता, त्या धावपळीत मधे तिचा फोनच आला नव्हता.

"जहाजी?"

"एक पान हाय."

"थांब. बाळ रडतंय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी फोन मांडीवर ठेवून बसले. कामावर साडीवरून घालायचा जुना शर्ट काढून त्याची घडी केली. नवऱ्याला काय सांगायचं, त्याची पहिली दोन वाक्यं जुळवली. मावशीनं चहा केला आणि साखर बेतानं घातली. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

फोन आला तेव्हा पाऊस जरा थांबला होता.

"पान कशावर ठेवलंयस?" भाभीनं विचारलं.

"बशीत. कोरडं."

"टाच?"

"अख्खी हाय."

"बरं. आता जांभ्याचा बारीक चुरा घे, चाळलेला. त्याच्यावर नुसतं आडवं ठेव. पुरायचं नाय. मी येईपर्यंत त्याच्याजवळ पाण्याचा तांब्यासुद्धा न्यायचा नाय." मग म्हणाली, "बाकीची पानं किती वाचवलीस? फोटो पाठव. मला सगळी बघायची आहेत."

मी सगळ्या चाळणींचे फोटो काढून पाठवले. संध्याकाळपर्यंत तिचा एकच निरोप आला. 'फॅन कुणाचा आहे?'

ती परत आली ती ऑगस्टमध्ये. रिक्षातून उतरली, पिशव्या तशाच पायरीवर, आणि चपला न काढता सरळ पडवीत गेली. मी मागे. फळीवर आता चाळणी होत्या, आणि चाळणींवर शेंड्यांना मुळं फुटलेली, पांढरी, दोऱ्यासारखी. कितीतरी पानांच्या टाचेला मोहरीएवढी पिल्लं आली होती. तिनं चष्मा लावला आणि एकेक चाळण बघितली. कुठल्या झाडाचं एकही पान वाचलं नाही ते तिला न सांगता कळत होतं. ती त्या झाडाचं नाव घ्यायची आणि पुढे जायची.

"झाडं मेली ती मेली," ती शेवटी म्हणाली. माझ्याकडे न बघता. "माझी पण मेलीत, सुरुवातीला. पण तू मला तीनदा बरी म्हणालीस गो. मी तिकडे मुलीजवळ बसून निवांत होते. ते नको होतं."

"व्हय," मी म्हणाले. ते बोलणं मला लागायचं तेवढं लागलं आणि ते योग्य होतं. मी वाट बघत होते पुढच्या वाक्याची, उद्यापासून येऊ नको या.

ती जहाजीच्या पानापाशी वाकली. पान निम्मं सुकलं होतं, खाली एक गुलाबी मूळ चुऱ्यात गेलं होतं. काही पानांना नुसतं मूळ येतं आणि पिल्लू कधीच येत नाही. त्यांना आम्ही आंधळी म्हणतो. मी पंधरा दिवस रोज बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. भाभीनं पानाची टाच टाचणीनं हलकेच वर उचलली. खाली, मुळाच्या बगलेत, राखाडी-निळा एक ठिपका होता. त्याला आकार होता. दोन पानं एकमेकांना चिकटलेली.

तिनं लगेच फोन काढला. जहाजावर त्या वेळी नेटवर्क होतं हे नशीब. तिच्या मिस्टरांचा चेहरा दिसला, मागे लोखंडी भिंत. ती त्यांच्याशी घरच्या कोकणीत बोलते, मला त्यातलं निम्मं समजतं. समजलं तेवढं लिहिते.

"तुम्ही आणलेलं झाड गेलं," ती म्हणाली. "त्याचं हे पिल्लू."

"कुठं आहे? मला काही दिसत नाही."

"नीट बघा."

"अगो, मला तुझा अंगठा दिसतोय."

भाभीनं फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बशी कॅमेऱ्यासमोर धरली. मी फोन बशीच्या आणखी जवळ नेला. ते डोळे बारीक करून बघत होते.

"फोन कुणी धरलाय?" त्यांनी विचारलं. "कोण आहे ती?"

मी भाभीकडे बघितलं. तिची नजर बशीवरच होती.

"झाडांकडे बघते ती," भाभी म्हणाली. "फळी आता तिच्याकडेच असते."

"असं. मग तिला सांग, मी यायच्या आत ते मला दिसेल एवढं कर म्हणावं."

एवढ्यात चित्र अडकलं, त्यांचं तोंड उघडं तसंच राहिलं, आणि फोन कट झाला. भाभीनं बशी माझ्याकडे दिली आणि पिशव्या आणायला पायरीकडे गेली. मी बशी फळीवर ठेवली, जरा फिरवली. इतके दिवस एकाच बाजूनं उजेड लागत होता. पिल्लाची बाजू आता उजेडाकडे आली.